तळोबांचा वरचा थर

कारखान्यात त्यांना तळोबा म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे तळोबा. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नाव त्यांच्याच बोलण्यातून पडलं होतं. नवा माणूस कामाला लागला की ते त्याला केटलपाशी, म्हणजे रसायनं तापवायच्या मोठ्या भांड्यापाशी नेत, तळाच्या व्हॉल्व्हवर हात ठेवत आणि म्हणत, "एवढं एक लक्षात ठेव. तळ आपला, वरचं लोकांचं. बाकीचं बघायला मी आहे."

हे त्या कारखान्यापुरतं खरंही होतं. तिथे ब्युटाइल ब्रोमाइड बनत असे. ब्युटेनॉल नावाचं अल्कोहोल, ब्रोमाइडचं मीठ आणि जळजळीत गंधकाम्ल एकत्र तापवायचं. अल्कोहोलच्या रेणूच्या टोकाला एक भाडेकरू असतो. तो आपणहून घर सोडत नाही. आम्ल त्याच्या हातात एक प्रोटॉन ठेवतं, मग तो पाणी होऊन निघतो. रिकाम्या खोलीत ब्रोमीन येऊन बसतो. तळोबा ही गोष्ट अशीच सांगत आणि शेवटी म्हणत, "ब्युटेनॉलचा भाडेकरू चिवट. तासन्‌तास आच दिल्याशिवाय हलत नाही."

तयार झालेला माल पाण्यापेक्षा जड. तो पाण्याबरोबर ऊर्ध्वपातनातून येतो, टाकीत तळाला बसतो. पाणी वर. तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा, पाइपातल्या काचेत डोळा लावून बसायचं. दोन थरांमधली रेघ काचेत आली की व्हॉल्व्ह दुसरीकडे फिरवायचा. खालचं मालाच्या टाकीत. वरचं सांडपाण्याच्या विभागात, ज्याला सगळे ईटीपी म्हणत.

ईटीपी म्हणजे तळोबांच्या बायकोचं राज्य.

दोघं एकाच वर्गात शिकलेली. तिला पहिला वर्ग मिळाला, त्यांना दुसरा. दोघांनी एकाच दिवशी इथे अर्ज दिला. तेव्हाच्या मालकांनी दोघांना समोर बसवलं, दोघांचे गुण वाचले, आणि तळोबांना उत्पादनात घेतलं. तिला म्हणाले, "बाईमाणसानं केटलपाशी कशाला? तुम्ही ईटीपी बघा. तिथे शांतता असते." शांतता होती. कारखान्यातलं सगळं नको असलेलं तिथे येत असे. ती ते मोजायची, चुन्याचं पाणी घालून आम्ल मारायची, गाळ बसवायची, आणि मगच पुढे सोडायची. रोज संध्याकाळी टाकी धुऊन कोरडी करायची. ऑपरेटर म्हणत, साहेबांच्या मालाच्या टाकीपेक्षा बाईंची घाणीची टाकी स्वच्छ असते. हे तळोबांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते विनोद म्हणून घेतलं.

घरी ती दोघं एकमेकांना अरेतुरे करत, कॉलेजपासूनची सवय. कारखान्याच्या दारातून आत शिरलं की सर आणि मॅडम. लेक लग्न होऊन दूर गेली होती. सासूबाई, म्हणजे तिची आई, हयात होत्या तोवर एक गोष्ट नेहमी सांगत. "आमच्या जावईबापूंना चूक दाखवायची असेल ना, तर आधी ती त्यांच्याकडूनच शोधून घ्यावी लागते. मग त्यांना शाबासकी द्यायची." तळोबा यावर मोठ्यानं हसत. त्यांना वाटे, सासू गंमत करते.

मग ब्रोमाइडचं गिऱ्हाईक गेलं. एकच मोठं गिऱ्हाईक होतं, तेच गेलं. नवे मालक, म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, केबिनमध्ये म्हणाले, "साहेब, एक नवी कंपनी टर्शरी ब्युटाइल क्लोराइड मागतेय. चाचणीची एक बॅच द्यायची. पसंत पडली तर आपला विभाग चालला. नाही पडली तर..." त्यांनी खिडकीतून केटलकडे पाहिलं. "गोदाम करायला जागा चांगली आहे."

तळोबा म्हणाले, "काळजी सोडा. हे तर त्याहून सोपं."

सोपं होतंच. या नव्या मालाला जे अल्कोहोल लागतं त्याचा भाडेकरू चिवट नसतो. घर तिठ्यावर, आजूबाजूला गर्दी, त्याला स्वतःलाच निघायचं असतं. आच लागत नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात थंडच ढवळायचं. थोड्या वेळात तो पाणी होऊन निघतो, क्लोरीन बसतो, थर वेगळे होतात. गिऱ्हाइकानं कृतीचा कागद पाठवला होता. त्यात लिहिलं होतं, सेंद्रिय थर घ्यावा. कोणता ते लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याला सांगायची गरज वाटली नसावी. वाचणाऱ्याला विचारायची वाटली नाही.

बायकोला वाटली. रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलता उचलता ती म्हणाली, "क्लोराइड हलकं असतं हं. या वेळी वरचा थर बघ."

तळोबा पाणी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. आठवण करतेय. शंका आली तर थेंबभर पाणी टाकून बघ. थेंब ज्या थरात विरघळेल तो पाण्याचा, दुसरा आपला. पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मला शंका येत नाही."

"तेच म्हणतेय मी."

"उभा जन्म त्या व्हॉल्व्हवर गेला माझा. तू तुझी टाकी सांभाळ."

तिनं ताटं ओट्यावर ठेवली. नेहमीपेक्षा हळू ठेवली. तेव्हापासून अबोला.

घरात दोनच माणसं असली की अबोला सांभाळणं अवघड जातं. चहाचा कप आवाज करून समोर यायचा. दिवा कुणी मालवायचा हा प्रश्न उद्भवायचा. कारखान्यात मात्र सोय होती. मधे दाढी होता. दाढी म्हणजे केटलचा मुख्य ऑपरेटर. वय झालेला, नातवंडं असलेला, छातीपर्यंत दाढी. तळोबा म्हणत, "दाढी, मॅडमना सांगा, सकाळचं धुण्याचं पाणी पाठवतोय." मॅडम पाच पावलांवर उभ्या असत. त्या म्हणत, "दाढी, सरांना सांगा, पाठवा." दाढी मान इकडे वळवी, तिकडे वळवी. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "माझी मान धरलीय. दोघांनी मिळून मलम तरी आणून द्या."

चाचणीच्या बॅचचा दिवस उजाडला. केटलमध्ये आम्ल होतं, अल्कोहोल गेलं, ढवळणी फिरली, थांबली. थर बसले. तळोबांनी व्हॉल्व्हवर हात ठेवला. हाताला सवय होती. हातानं कागद वाचला नव्हता.

खालचा थर मालाच्या टाकीत जाऊ लागला. काचेतून स्वच्छ, चकचकीत द्रव वाहत होता. वाहतच होता. तळोबा खूश झाले.

"दाढी, उतारा बघा उतारा! असा कधी पाहिलाय?"

दाढी म्हणाला, "धूर येतोय साहेब त्याला."

"येणारच. आम्लात न्हाऊन निघालंय."

काचेत रेघ आली. तळोबांनी ऐटीत व्हॉल्व्ह फिरवला. वरचं ते लोकांचं. ते ईटीपीच्या लाइनीतून बायकोच्या टाकीत गेलं. त्यांच्या मनात आलं, या वेळी तिला काम थोडंच आहे. वर तर काही फारसं नव्हतंच.

पुढची पायरी धुण्याची. मालात राहिलेलं आम्ल मारायला सोड्याचं पाणी घालायचं. ब्रोमाइडला थोडं फसफसायचं, मग गप्प बसायचं. दाढीनं सोड्याचं पाणी सोडलं. मालाची टाकी फसफसली. मग उसळली. मग दूध उतू जावं तसा फेस झाकणातून वर आला, टाकीच्या अंगावरून ओघळला, आणि तळोबांच्या बुटांपाशी आला.

"बंद करा! सोडा जास्त झाला!"

"आत्ता तर एक बादली गेलीय साहेब."

"पाणी मारा खाली!"

दाढीनं नळी धरली. फेस बसला. तळोबांनी परीक्षानळीत टाकीतलं थोडं घेतलं. त्यांनी नळाखाली धरून त्यात पाणी सोडलं. माल असता तर पाण्यापासून वेगळा झाला असता. वर नाहीतर खाली. काहीच वेगळं झालं नाही. पाणी पाण्यात मिसळावं तसं मिसळलं. त्यांनी आणखी पाणी घातलं. तेही मिसळलं.

दाढी नळीकडे बघत होता. "साहेब, ह्यात आपलं काही नाहीच."

तळोबांनी नळी उजेडात धरली.

"आम्लच आहे सगळं. मग आपलं कुठं गेलं?" दाढी म्हणाला. आणि उत्तर दोघांना एकदम मिळालं. दोघांनी माना वळवल्या. दाढीची दुखणारी मानही वळली. खिडकीपलीकडे ईटीपीचा पत्रा दिसत होता.

आता वेळ हीच अडचण होती. जेवणाची सुट्टी संपली की बाई चुना घालत. बाईंच्या टाकीत दुसऱ्या विभागांचं आम्ल आधीच होतं. त्यावर तरंगतोय तोवर माल सुरक्षित. चुना पडला, ढवळणी फिरली, की क्लोरीन निघून जातो आणि जुना भाडेकरू घरी परततो. राहतं ते चुन्याचं गढूळ पाणी आणि त्यात विरलेलं अल्कोहोल. विभागाचं गोदाम व्हायला तेवढं पुरेसं होतं. आणि सुट्टी संपल्याची घंटा आत्ताच होऊन गेली होती.

"दाढी, पळा. मॅडमना सांगा, चुना टाकू नका."

दाढी जागचा हलला नाही. "का टाकू नका विचारलं तर?"

"सांगा, सरांनी सांगितलंय."

"साहेब, चार दिवस तुमचे निरोप वाहिले. डब्यातल्या भाजीत मीठ कमी पडलं तेही मीच सांगितलं. हा निरोप माझ्यानं व्हायचा नाही." त्यानं नळी पुन्हा उचलली. "आणि फेस कोण बघणार?"

तळोबा निघाले. आधी चालत, मग भराभर. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. पंप दुरुस्त करायचाय, आज चुना राहू द्या. नको, पंपाला काय धाड भरलीय? मालकांना टाकी बघायचीय. मालक आयुष्यात तिकडे फिरकले नव्हते. सँपल घ्यायचंय. कशाचं? त्यांच्या ध्यानात आलं, प्रत्येक वाक्यापुढे ती एकच शब्द विचारणार, आणि त्या शब्दापुढे एकही वाक्य टिकत नाही.

ईटीपीत खरंच शांतता होती. ती टाकीपाशी स्टुलावर बसली होती. शेजारी चुन्याच्या पाण्याचं पिंप, झाकण काढलेलं. ढवळणी बंद. तिनं वर पाहिलं.

"बोला सर."

"चुना..."

"घालायचीच वेळ झालीय." ती उठली. तिनं पिंपाच्या पंपाच्या बटणावर हात ठेवला.

"नको. नको घालूस."

"का?"

आलाच तो शब्द. तळोबांनी टाकीकडे पाहिलं. मग छताकडे. मग स्वतःच्या बुटांवर वाळलेल्या पांढऱ्या डागांकडे.

"वरचा थर," ते म्हणाले.

"कुठला वरचा थर?"

"तू म्हणत होतीस तो."

"मी काय म्हणत होते?"

"आता तोंडानं वदवून घेणार का?"

"घ्यावं लागतं," ती म्हणाली. "आई सांगायची."

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. तिचा खडखडाट दूर जाईपर्यंत ते थांबले. तोवर दुसरं काही सुचेल असं त्यांना वाटलं होतं.

"चुकलो," ते म्हणाले.

"काय? पंपाच्या आवाजात ऐकू नाही आलं."

पंप बंद होता.

"चुकलो! खालचं घेतलं, वरचं तुझ्याकडे सोडलं. माझी सगळी बॅच तुझ्या टाकीत आहे. आता घाल चुना घालायचा तर."

तिनं बटणावरचा हात काढला आणि टाकीच्या बाजूच्या काचेच्या नळीकडे बोट केलं. नळीत दोन थर स्वच्छ दिसत होते. खाली आम्ल, वर तेलासारखा हलका थर. मधल्या रेघेवर लाल रबरबँड बांधलेलं होतं. नीट, दोन वेढे देऊन.

तळोबा ते रबरबँड बघत राहिले.

"तुला ठाऊक होतं!"

"आल्या आल्या वास आला. माझ्या टाकीला इतका चांगला वास कधी येत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, तुझी टाकी सांभाळ. सांभाळत बसले. पाण्याची लाइनसुद्धा बंद केली, उगाच कुणी धुण्याचं पाणी सोडायचं."

"आणि मी आलोच नसतो तर?"

ती पिंपावर झाकण बसवत होती. "माझी वेळ चुकत नाही, तुला माहितेय," ती म्हणाली.

याचा अर्थ त्यांनी नंतर पुष्कळदा लावून पाहिला. कधी असा लागला, कधी तसा. विचारायचं धाडस झालं नाही.

तिनं मालाचे कोरडे ड्रम आधीच आणून ठेवले होते, हेही त्यांना तेव्हाच दिसलं. "व्हॉल्व्ह मी उघडू?" त्यांनी विचारलं.

"टाकी माझी आहे."

तिनं व्हॉल्व्ह उघडला. ते काचेपाशी उकिडवे बसले. खालचं आम्ल दुसऱ्या हौदात गेलं. काचेत रेघ आली.

"आता?" तिनं विचारलं.

"थांब... थांब... आता."

तिनं व्हॉल्व्ह फिरवला. वरचा थर ड्रममध्ये पडू लागला. पहिल्या धारेतला थोडा तिनं परीक्षानळीत घेतला आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. थेंब मण्यांसारखे तळाला गेले आणि तिथे वेगळे बसून राहिले. तिनं नळी त्यांच्यासमोर धरली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

पुढचं सगळं सरळ झालं. माल घाईनं धुतला, सुकवला, ऊर्ध्वपातन केलं. पाण्यासारखा स्वच्छ निघाला. थोडा कमी भरला. मालकांनी विचारलं, "तूट कशी?" तळोबा म्हणाले, "पहिलीच बॅच. लाइनीत राहतं थोडं." हे खोटं नव्हतं. कोणत्या लाइनीत ते त्यांनी सांगितलं नाही. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला.

माल पसंत पडला. कंपनीनं दर महिन्याची मागणी दिली. विभाग वाचला. मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी रंगारी बोलावला. तळोबा सकाळी केटलपाशी आले तेव्हा समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात, हातभर उंचीची अक्षरं होती. तळ आपला, वरचं लोकांचं.

"कसं वाटलं?" मालक म्हणाले. "साहेब, हे तुमचं ब्रीद. तुम्ही निवृत्त झालात तरी हे राहिलं पाहिजे. नवीन माणसानं हे वाचावं आणि तसंच करावं!"

दाढीला एकाएकी खोकला आला. तो बराच वेळ राहिला.

त्या संध्याकाळी घरी ती सगळ्या विषयांवर बोलली. लेकीचा फोन आला होता. नळाचा वॉशर गेलाय. भिंतीचा विषय निघाला नाही. शेवटी तळोबाच म्हणाले, "बोल की."

"काय?"

"भिंतीचं."

"रंग छान आहे."

"उद्या क्लोराइडची दुसरी बॅच आहे. कुणी तसं वाचून तसं केलं तर?"

"केलं तर येईल माझ्या टाकीत. मी आहे निवृत्त होईपर्यंत. पुढचं पुढच्यानं बघावं."

दुसऱ्या दिवशी तळोबा केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "भिंत पुसायला हवी."

"का? अक्षर वाकडं आलंय का?"

"अक्षर सरळ आहे. मजकूर चुकीचा आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं. धूर, फेस, रबरबँड. बंद पंपाच्या आवाजात ऐकू न आलेलं 'चुकलो', जिथे बायको मनात हसली असेल असं त्यांना वाटत होतं, तेही सांगितलं.

मालक खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे माझी बॅच गटारात होती?"

"गटारात नाही. मॅडमच्या टाकीत."

"आणि त्या काय करत होत्या?"

"सांभाळत होत्या."

मालक म्हणाले, "आमच्या बाबांनी त्यांना तिकडे टाकलं होतं ना?" आणि उत्तराची वाट न बघता रंगाऱ्याला बोलवा म्हणाले.

आता भिंतीवर लिहिलंय, आधी थेंबभर पाणी टाकून बघा. खालचा जुना निळा रंग अजून थोडा जाणवतो. बाईंनी ते वाचलं आणि फक्त म्हणाल्या, "थेंबभर नको, दोन थेंब लिहायचं. एक दिसत नाही." तळोबांचं नाव मात्र तळोबाच राहिलं. पडलेली नावं आम्लानंही निघत नाहीत.

हल्ली ते प्रत्येक बॅचला व्हॉल्व्ह उघडण्याआधी परीक्षानळी घेतात. अधूनमधून जुन्या ब्रोमाइडची एखादी किरकोळ मागणी येते, तेव्हाही घेतात. दाढी म्हणतो, "साहेब, हे ब्रोमाइड आहे. खालचंच आपलं."

"बघायला काय जातंय?"

तेवढ्यात ईटीपीतून फोन येतो. न चुकता येतो.

"सर, आज माझ्या टाकीत काय पाठवताय?"

"पाणी."

"बघितलंत?"

"बघितलं."

"नक्की?"

तळोबा फोन टेबलावर ठेवतात, नळी पुन्हा उजेडात धरतात आणि आणखी दोन थेंब टाकून बघतात.